जुन्या दफनभूमीतली वस्ती



या व्याख्यानमालेत आजवर कवी बोलले, प्राध्यापक बोलले, एक-दोन इतिहास संशोधक बोलले. मी तीस-पस्तीस वर्षे साबुदाण्याच्या गोळ्या देणारा माणूस. मंडळाचे चिटणीस बोलावायला आले तेव्हा त्यांना वाटत होते की मी 'साठीनंतरचे आरोग्य' या विषयावर बोलेन. मी विषय सांगितला तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टर, श्रोते तुमचे पेशंटच असणार. तुम्ही स्मशानावर बोललात तर त्यांना काय वाटेल?" मी म्हटले, मी मेलेल्यांवर बोलणारच नाही. मेलेल्यांच्या अंगणात जे जगते आहे त्यावर बोलेन. तेवढ्यावर त्यांनी होकार दिला.

आता वाङ्मय मंडळ म्हटल्यावर सुरुवात कवितेपासून करणे भाग आहे. इथल्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेकांना थॉमस ग्रे याची १७५१ साली प्रसिद्ध झालेली ती विलापिका कॉलेजात शिकावी लागली असेल. खेड्यातल्या चर्चच्या अंगणात संध्याकाळी उभा राहून कवी अनामिक मृतांचा विचार करतो. आम्हाला सरांनी त्यातले तत्त्वज्ञान समजावून सांगितले. पण चाळीस वर्षांनी मी ती कविता पुन्हा काढून वाचली तेव्हा वेगळेच लक्षात आले. कवी मृतांविषयी बोलायला लागण्यापूर्वीच एक भुंगा गुणगुणत जातो, वेलींनी वेढलेल्या मनोऱ्यात घुबड तक्रार करते, एल्म आणि यू या झाडांची सावली पडते, गवताचे उंचवटे दिसतात, पाकोळ्यांच्या जातीचा पक्षी चिवचिवतो. म्हणजे माणसांच्या आधी कवीने तिथल्या वस्तीची हजेरीच घेतलेली आहे. सरांनी ते सगळे 'वातावरणनिर्मिती' या एका शब्दात संपवले होते. परीक्षेत मीही तसेच लिहिले.

मला ही कविता पुन्हा का काढावीशी वाटली, ते सांगायला हवे. ती गोष्ट माझ्या चुकीची आहे, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

माझ्या दवाखान्यात सव्वीस वर्षे एक कंपाउंडर होते. ख्रिस्ती. आजोबा गोव्याकडून आलेले, स्वतः कॅम्पात वाढलेले. पेशंट, मी, माझी मुले, सगळे त्यांना मामाच म्हणत. दर वर्षी २ नोव्हेंबरला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या सर्वपित्रीला म्हणा हवे तर, ते अर्धा दिवस रजा घेऊन आपल्या आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला जात. आणि आषाढात एकदा, पाऊस जरा उघडला की, मलाही तिथे घेऊन जात. का, तर आईच्या थडग्यावर उगवलेली पांढरी फुले दाखवायला. जमिनीला चिकटून एकच पान, हृदयाच्या आकाराचे, आणि मधून निघालेल्या दांडीवर एक-दोन, कधी तीन शुभ्र फुले. मामा म्हणत, ही कुणी लावलेली नाहीत, आईने पाठवलेली आहेत. मी पुस्तकात पाहून त्यांना नाव सांगितले होते, आषाढ आमरी. जमिनीत वाढणारे ऑर्किड. त्यांना त्या नावात फारसा रस नव्हता.

मामा गेले. त्यांनाही तिथेच, आईच्या शेजारी पुरले. त्यानंतर तीन-चार वर्षांनी आमच्या भागातल्या एका सेवाभावी मंडळाने ती जुनी दफनभूमी स्वच्छ करायचे ठरवले. मामांमुळे मला जिव्हाळा, म्हणून मी त्यात पुढाकार घेतला. १५ ऑगस्टच्या निमित्ताने काम सुरू केले. गवत कमरेएवढे. कुणीतरी म्हणाले, विळ्याने किती दिवस कापणार? दुकानातून तणनाशक आणले, पाठीवरचा पंप भाड्याने घेतला, दोन दिवसांत सगळे पिवळे पडले. दिवाळीच्या सुमारास दुसरी फेरी. थडग्यांवरचे काळे-करडे डाग घालवण्यासाठी बाथरूम धुण्याचे ॲसिड आणि तारेचा ब्रश. दगड पांढरेशुभ्र निघाले. आम्ही फोटो काढले. वर्तमानपत्रात बातमी आली, तीत माझेही नाव होते. ते कात्रण मी काही दिवस दवाखान्यात लावले होते.

पुढच्या आषाढात मामी दवाखान्यात आल्या. गुडघ्यांचे औषध घेतले, पैसे दिले, आणि उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, यंदा आमच्या सासूबाईंची फुलं नाही आली हो."

एवढेच. त्यांना आमच्या फवारणीशी त्याचा संबंध आहे हे माहीत नव्हते. मला लगेच कळले. असले तणनाशक पानावर पडते आणि पानातून मुळापर्यंत जाते, हाच त्याचा गुण म्हणून ते विकले जाते. आमरीचा कंद जमिनीखाली सुखरूप असतो, पण ऑगस्टमध्ये तिचे पान हिरवे असते, आणि आम्ही फवारले नेमके तेव्हाच. बरे, नवीन लावू म्हटले तर तेही सोपे नाही. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात कोंबाला पुरेल असे अन्नच नसते. मातीतल्या एका विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. ती बुरशी आणि ते बी यांचे जमायला जुनी, न ढवळलेली माती लागते. नर्सरीत ती मिळत नाही.

आणि ॲसिडचे म्हणाल तर, संगमरवर म्हणजे चुनखडीच. त्यावर ॲसिड पडले की फेस येतो. तो मळ निघण्याचा फेस नव्हे, दगडच विरघळत असतो. बारीक कोरलेल्या अक्षरांच्या कडा आधी जातात. दोन थडग्यांवरची नावे त्या दिवशी आम्ही कायमची पुसली. माझ्या हाताने पुसली असे म्हटले तरी चालेल. वाङ्मय मंडळात हे सांगताना जास्त लाज वाटते.

असो. त्यानंतर काही वर्षांनी मुलीकडे इंग्लंडला जायचा योग आला, आणि जाता जाता पॅरिसला दोन दिवस. पॅरिसमध्ये इतरांना आयफेल टॉवर पाहायचा असतो. होमिओपॅथीच्या माणसाला पेर लाशेझ ही दफनभूमी पाहायची असते, कारण डॉ. हानेमान तिथे आहेत. ते २ जुलै १८४३ रोजी वारले तेव्हा त्यांना मोंमार्त्रच्या दफनभूमीत पुरले होते. १८९८ साली तिथून हलवून पेर लाशेझमध्ये आणले. माझ्या पॅथीविषयी लोकांचे मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे, तो वाद घालायला मी आज उभा नाही. गुरूच्या समाधीवर डोके टेकवावे, इतकीच इच्छा होती.

समाधी सापडायला दीड तास लागला. चव्वेचाळीस हेक्टरांचा पसारा, म्हणजे शंभर एकरांहून जास्त. १८०४ साली सुरू झालेली जागा, चढउतारांची, दगडी गल्ल्यांची. शोपाँ इथे, ऑस्कर वाइल्ड इथे. त्या दीड तासात मला दिसले ते असे, की थडग्यांच्या मधल्या फटींत गवत होते, फुलझाडे आपोआप उगवलेली होती, आणि ती कुणी उपटत नव्हते. पॅरिससारख्या टापटिपीच्या शहरात हा गबाळेपणा कसा, असे मला वाटले. नंतर समजले की तो गबाळेपणा नव्हता, ठरवून केलेले काम होते. आधी तिथेही फवारणी चाले. २०१५ पासून पॅरिसने आपल्या दफनभूमींत तणनाशके वापरणे थांबवले. पुढे १ जुलै २०२२ पासून सबंध फ्रान्समधल्या दफनभूमींना ही बंदी लागू झाली.

२०२० च्या टाळेबंदीत तर तिथे आणखी एक गोष्ट घडली. माणसांची ये-जा थांबली होती, आणि तिथल्या व्यवस्थापकांना, बेन्वा गालो त्यांचे नाव, थडग्यांमध्ये कोल्ह्याची पिल्ले दिसली. त्यांनी फोटो काढले, ते जगभर फिरले. त्या गृहस्थांनी २०२२ साली त्या दफनभूमीच्या गुपित जीवनावर फ्रेंचमध्ये पुस्तकही लिहिले. पण गंमत अशी की सुरुवातीला लोकांनी आभार मानले नाहीत, तक्रारी केल्या. आमच्या माणसांच्या थडग्यांची हेळसांड होते आहे, म्हणून. ही तक्रार मला महत्त्वाची वाटते, तिच्याकडे परत येईन.

इंग्लंडमध्ये मुलीचे घर वेल्सच्या सीमेकडच्या भागात, एका लहान खेड्याजवळ आहे. रोज सकाळी फिरायला जायला जागा एकच, चर्चचे अंगण. पहिल्या दिवशी मी थबकलो ते यू वृक्षापाशी. बुंधा इतका रुंद की चार माणसांनी हात धरले तरी कवेत यायचा नाही, आतून पोकळ, आणि वर गडद हिरवा. ब्रिटनमधले अतिप्राचीन यू वृक्ष मोठ्या संख्येने अशा अंगणांतच उरले आहेत. काही तर शेजारच्या चर्चपेक्षा वयाने मोठे आहेत. नेमके वय काढणे अवघड, कारण खोडाचा गाभा कुजून पोकळ होतो आणि मोजायला वर्तुळेच उरत नाहीत. स्कॉटलंडमधल्या फॉर्टिंगल गावचा यू त्यातला सर्वांत प्रसिद्ध, त्याचे वय दोन-तीन हजार वर्षे सांगतात. या जातीत नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. फॉर्टिंगलचा वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या नर म्हणून नोंदलेला. २०१५ साली पाहतात तो एका फांदीला लाल फळे लागलेली. इतक्या वयानंतर एका फांदीपुरते त्याने मत बदलले.

हे झाड विषारी आहे. पान, साल, बी, सगळे. फळावरचा लाल मऊ गर तेवढा नाही, तो पक्षी खातात आणि आतले बी तसेच बाहेर टाकतात. याच कुळातल्या अमेरिकेतल्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध निघाले. १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचे. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? पण सालीचा प्रश्न असा की साल सोलली की झाड मरते. मग फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय यूच्या पानांमधून एक पूर्वद्रव्य काढून त्यापासून तसेच औषध बनवले. पाने छाटली तर पुन्हा येतात. त्यांच्या संस्थेच्या आवारात रस्त्यासाठी यूची झाडे तोडली जात होती, तीच त्यांनी अभ्यासाला घेतली. माझी एक पेशंट बाई, मी तिला वेळेवर कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवली होती, हेच औषध घेऊन बरी झाली. त्या झाडाखाली उभा असताना मला तिची आठवण झाली. चर्चचा बाक रिकामा होता, थोडा वेळ बसलो.

आता थडग्यांवरच्या डागांकडे येतो. मी ज्याला डाग समजून ॲसिडने घासले ते.

त्या अंगणात एक निवृत्त शिक्षिका भिंगाने थडगी पाहत असत. मला वाटले नावे वाचताहेत. त्या दगडावरचे लायकेन पाहत होत्या. लायकेन म्हणजे आपले दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण जे काळपट पापुद्र्यासारखे घालतो, ते त्याच्याच गोतावळ्यातले. हे एक झाड नव्हे, दोन जीवांचा संसार आहे. एक बुरशी, आणि तिच्या आत राहणारे शैवाल. शैवाल उन्हापासून अन्न बनवते, बुरशी घर देते आणि पाणी धरून ठेवते. (दगडफुलात निम्म्याहून जास्त बुरशी असते हे मला त्या बाईंकडून कळले. आमच्यात अळंबी वर्ज्य. घरी आल्यावर ही माहिती सौभाग्यवतींना सांगावी की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. सांगितली. आता आमच्या मसाल्यात दगडफूल नसते. आमटी पूर्वीसारखी लागत नाही.)

ब्रिटनच्या चर्च-अंगणांत सातशेहून अधिक जातींचे लायकेन नोंदले गेले आहेत. का, तर त्याचे कारण मोठे मजेशीर आहे. इंग्लंडच्या सखल भागात मैलोन्‌मैल उघडा खडक नाही. सगळी माती. खडकावरच वाढणाऱ्या जीवाने जायचे कुठे? माणसांनी लांबून लांबून दगड आणून आपल्या मृतांच्या डोक्याशी उभे केले. कुणी चुनखडी, कुणी वाळूचा दगड, कुणी ग्रॅनाइट. प्रत्येक दगडावर राहणारे लायकेन वेगळे. दगडाची उत्तरेकडची बाजू ओलसर, तिथले वेगळे. माथ्यावर पक्षी बसतात, त्यांची विष्ठा ओघळते, तिथे नारिंगी रंगाचे वेगळे. म्हणजे एका थडग्यावर चार-पाच मोहल्ले.

आणि थडग्यावर तारीख असते. ही गोष्ट मला फार आवडली. कवचासारखे पसरणारे लायकेन वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढते. दगड कधी उभा केला ते त्याच्यावरच कोरलेले. मग लायकेनचा व्यास मोजला की वाढीचा वेग मिळतो. रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९५० साली थडग्यांवरूनच हे गणित बसवले, आणि त्याच गणिताने पुढे हिमनद्या कधी मागे हटल्या, कडे कधी कोसळले, याचे वय काढता येऊ लागले. मृत्यूची तारीख त्या इवल्या जीवाच्या जन्माची तारीख ठरते. आमच्या तारेच्या ब्रशने शंभर-सव्वाशे वर्षांची वाढ मिनिटभरात निघाली होती, हे मी त्या बाईंना सांगितले नाही.

गवताचे तसेच. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकानंतर फुलांनी भरलेली जुनी कुरणे जवळजवळ ९७ टक्के गेली. नांगरली गेली, खते पडली. चर्चच्या अंगणावर मात्र कुणी नांगर घालत नाही, युरिया टाकत नाही. त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीचे कुरण तिथे तुकड्यातुकड्याने शिल्लक आहे. शरदात तिथे मेणासारख्या चकचकीत छत्र्या उगवतात, लाल, पिवळ्या, हिरव्यासुद्धा. या अळंब्या फक्त जुन्या, खत न घातलेल्या गवतात येतात. चर्चच्या मनोऱ्यांत आपल्या पाकोळीच्या जातीचे पक्षी आफ्रिकेहून येऊन घरटी करतात. वटवाघळे चर्चच्या छतात राहतात. कायद्याने संरक्षित असल्याने त्यांना हाकलता येत नाही, आणि त्यांच्या विष्ठेने जुन्या पितळी पट्ट्या आणि पुतळे खराब होतात, म्हणून तिथले लोक वैतागलेलेही आहेत. सगळे काही गोड नाही. एक पाय नसलेला सरडा असतो, सापासारखा दिसणारा, निरुपद्रवी, उन्हाला थडग्यापाशी पडलेला. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी चांगला हातभर मागे उडालो.

आता ती तक्रार. गवत वाढू दिले तर मृतांचा अपमान होतो का? पॅरिसमध्ये ती झाली, इंग्लंडमध्येही होते, आणि इथे मामींनीच मला विचारले, "गवत ठेवलं तर मी जाऊ कशी? पाय घसरला म्हणजे? साप असला म्हणजे?" आपल्याकडे घोणस आहे, मण्यार आहे, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निसर्गप्रेमी मंडळी इथे चुकतात असे माझे मत आहे. ती फुलांची बाजू घेतात आणि म्हाताऱ्या विधवेला विसरतात.

इंग्लंडमधल्या 'केअरिंग फॉर गॉड्स एकर' या संस्थेने जो मार्ग सांगितला आहे तो मला व्यवहार्य वाटला. ज्या थडग्यांवर अजून कुणी येते तिथले गवत नेहमी आखूड ठेवायचे. फाटकापासून तिथपर्यंत वाट कापायची, चांगली दोन माणसे शेजारी चालतील एवढी. जिथे शंभर वर्षांत कुणी आलेले नाही तिथले गवत वाढू द्यायचे, फुलू द्यायचे, बी पडू द्यायचे आणि मग वर्षातून एकदा कापायचे. आणि कापलेले गवत तिथे टाकायचे नाही, उचलून न्यायचे. हे शेवटचे मला आधी कळले नव्हते. कापलेले गवत तिथेच कुजले की माती सुपीक होते आणि दांडगे गवत नाजूक फुलांना दाबून टाकते. रोडक्या मातीतच जास्त प्रकारची झाडे नांदतात. आणि वाट नीट कापलेली असली की बघणाऱ्याला कळते की बाजूचे गवत दुर्लक्षाने नव्हे, हेतूने ठेवले आहे. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात म्हणे.

तुम्ही विचाराल, आम्ही जैन तर दहन करणारे, तुम्हाला दफनभूमीचे काय पडले आहे? खरे आहे. पण आमच्याकडेही निषिधी आहेत. सल्लेखनेने देह ठेवलेल्यांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड कर्नाटकात ठिकठिकाणी आहेत, श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर असे कितीतरी लेख कोरलेले आहेत. आणि लहानपणी पाठशाळेत पंडितजींनी स्थावर जीव शिकवले होते: पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय, वनस्पतिकाय. एका शरीरात अनंत जीव राहतात अशा साधारण वनस्पतीही सांगितल्या होत्या. परीक्षेत मला त्यात पैकीच्या पैकी गुण होते. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्यांच्या घरात वाढलेला मी, पाठीवर विषाचा पंप लावून दोन दिवस त्या जागेत फिरलो आणि मला एकदाही पंडितजी आठवले नाहीत. कारण आम्ही त्याला 'स्वच्छता' हे नाव दिले होते.

परत आल्यावर मी आमच्या त्या दफनभूमीत वर्षभर, दर रविवारी सकाळी, वही घेऊन गेलो. परवानगी काढून. वनस्पतिशास्त्राचा मी विद्यार्थी नाही, ओळखता आले तेवढेच लिहिले. पावसाळ्यात तेरडा आणि कुर्डू. कुंपणावर कळलावी, आगीच्या ज्वाळेसारखी, तीही विषारी. जुन्या चाफ्याची सात झाडे. चाफा मूळचा अमेरिकेकडचा, पण ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांच्याही दफनभूमीत इतका रुळला की आता त्याला परका कोण म्हणेल? त्याच्या फुलात मध नसतो, नुसत्या वासावर रात्रीच्या पतंगांना तो फसवतो. पलीकडच्या कबरस्तानात कबरींवर सब्जा लावतात, त्याच्या तुऱ्यांवर सकाळी मधमाश्यांचा नुसता गजर असतो. दोन मुंगसे. भिंतीच्या भगदाडात पिंगळ्यांची जोडी. आणि पडक्या खोलीच्या आढ्याला गव्हाणी घुबड, ज्याला आपण अशुभ म्हणून दगड मारतो. हेच पांढऱ्या तोंडाचे घुबड इंग्लंडच्या खेड्यांतही आहे. रात्री ते उंदीर टिपत असते, आणि उंदीर कमी झाले की उंदरांमागे येणारे सापही कमी. मामींना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग राहू दे त्याला."

लायकेन मात्र त्या घासलेल्या दगडांवर अजून परतलेले नाहीत. शेजारच्या, ज्यांच्यापर्यंत आमचे ॲसिड पुरले नाही त्या दगडांवर आहेत. पुसलेल्या दोन नावांपैकी एक चर्चच्या जुन्या नोंदवहीत सापडले. दुसरे सापडले नाही.

आमरी गेल्या आषाढात दिसली. मामांच्या आईच्या थडग्यावर नव्हे, मागच्या भिंतीच्या कडेला, जिथे पंपाची नळी पोहोचली नव्हती. तीन पाने होती. एकाला फूल आले होते. मी मामींना रिक्षाने घेऊन गेलो, फाटकापासून त्यांना धरून नेले. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "ही सासूबाईंची नव्हेत. ही दुसऱ्या कुणाची तरी."

मला वाद घालता आला नाही.

या वर्षी चर्चच्या मंडळींनी आमचे म्हणणे मान्य केले आहे. फवारणी नाही, ॲसिड नाही, ब्रश नाही. वाट आणि नवी थडगी आखूड ठेवायची, मागचा जुना भाग बी पडेपर्यंत तसाच ठेवायचा, आणि २ नोव्हेंबरच्या आधीच्या रविवारी विळ्याने कापून गवत गोशाळेला पाठवायचे. माझ्याकडे तीन विळे आहेत, धार लावून ठेवले आहेत. आणखी पाच-सहा माणसे हवी आहेत. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनीच यावे, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. सकाळी सात वाजता, कॅम्पाच्या बाजूच्या फाटकापाशी. चहाची सोय मामींनी केली आहे.